पाठीचे दुखणे आणि पायाळूची लाथ

आमच्या लहानपणी गावात कोणाच्या पाठीत उसण भरली की पहिला शोध पडे तो वैद्याचा नव्हे, पायाळू मनुष्याचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू; आणि अशा मनुष्याने दुखऱ्या पाठीस लाथ मारली असता उसण निघून जाते, असा समज महाराष्ट्रात घरोघर होता, व अद्यापि तो पुरता नाहीसा झालेला नाही. कित्येकदा हा पायाळू म्हणजे आठ-नऊ वर्षांचा एखादा पोर असे. थोरल्या माणसास पाय लावावयाचा ह्या कल्पनेनेच तो कानकोंडा होई. मग आजी त्यास धीर देई, तो भिंतीस टेकून उभ्या राहिलेल्या काकांच्या पाठीस कसाबसा पाय लावी, आणि लगेच वाकून त्यांना नमस्कार करी. पुढे चार-आठ दिवसांत काकांची पाठ मोकळी होई, आणि त्या पोराची कीर्ती चार आळ्यांत पसरे.

वाचकहो, ही गोष्ट सांगून आम्हांस त्या आजीचा उपहास करावयाचा नाही. काकांची पाठ बरी झाली हे अगदी खरे. परंतु ती लाथ मारली नसती तर बरी झाली नसती काय? बहुधा झालीच असती. अकस्मात भरलेली उसण बहुतेकांच्या बाबतीत थोड्या दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत आपली आपण ओसरते, आणि ती ओसरण्याच्या सुमारास जो उपाय चालू असतो तो श्रेयाचा धनी होतो. पायाळूची लाथ आता मागे पडली. तिच्या जागी पट्टे आले, वजने लावून ताणणे आले, आणि कित्येक ठिकाणी शस्त्रक्रियाही आली. म्हणून पाठीच्या कोणत्याही उपायाविषयी पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, हा उपाय केला नसता तर काय झाले असते? आजच्या लेखात हा एकच प्रश्न धरून आम्ही चालणार आहो.

हे दुखणे किती सार्वत्रिक आहे पाहा. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख माणसे कंबरदुखीने पीडित होती, आणि 2050 पर्यंत ही संख्या 84 कोटींवर जाईल, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. ह्या दुखण्यांपैकी शेकडा नव्वदांत एखादा रोग, मोड किंवा विशिष्ट बिघाड असे बोट ठेवून दाखविता येत नाही. स्नायू, सांधे, बंध, थकवा, निजेचा अभाव, चिंता अशा अनेक कारणांचा तो मेळ असतो.

आमच्या लातुरास तर पाठीचे मोल 2016 साली चांगलेच कळले. त्या वर्षी मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी करावी लागली. आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्यात आले. पहिल्या फेरीस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, हे वृत्त देशभर गाजले. परंतु त्या पाण्याचा शेवटचा प्रवास आगगाडीने झाला नाही. टँकरपासून माजघरापर्यंत ते माणसांच्या कंबरेवरून गेले. पंधरा लिटरांची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी आणि वर धातूचे वजन. अशा दहा-बारा घागरी, तीनही वेळ जिना, आणि टँकर केव्हा येईल ह्याचा नेम नसल्यामुळे झोपेचे खोबरे! ज्यांनी आयुष्यात कधी पाठीची तक्रार केली नव्हती त्यांनीही त्या उन्हाळ्यात कंबर धरली. त्यांत आम्हीही एक होतो. परंतु ती हकीकत पुढे येईल.

प्रथम ज्या अवयवाविषयी बोलावयाचे त्याची थोडी ओळख करून घेऊ. आपल्या पूर्वजांनी त्यास पृष्ठवंश असे नाव दिले. वंश म्हणजे वेळू; पेरापेरांनी जोडलेला, ताठ असून लवणारा. नाव किती यथार्थ आहे! ह्या वेळूस मूळची 33 पेरे असतात: मानेची 7, पाठीची 12, कंबरेची 5, त्रिकास्थीची जुळून गेलेली 5 आणि माकडहाडाची 4. वरच्या सुट्या मणक्यांच्या मध्ये 23 गाद्या असतात. प्रत्येक गादीची कड चिवट, आणि आतला गर मऊ व पाणीदार असतो. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आसपासच्या भागातून झिरपून होते, आणि दाब पडणे व सुटणे ह्या क्रियेने त्या झिरपण्यास साहाय्य मिळते. दिवसभराच्या भाराने गाद्यांतील पाणी थोडे कमी होते, म्हणून मनुष्य सकाळपेक्षा रात्री एखादा सेंटिमीटर ठेंगणा भरतो. निजल्यावर ते पाणी पुन्हा परतते. सारांश, पाठ ही हालचालीवर जगणारी वस्तू आहे. काचेच्या भांड्याप्रमाणे कपाटात ठेवून तिचे रक्षण होत नाही.

आता आपल्या बोलण्यात एक शब्द रुळला आहे: “मणक्यात गॅप आला.” हा शब्द ऐकताच घरातील माणसांची तोंडे उतरतात, जणू काही कणा मधोमध दुभंगला! वस्तुतः मणक्यांमध्ये अंतर असावयासच पाहिजे; गादी झिजली म्हणजे ते अंतर वाढत नाही, उलट कमी होते. आणि ही झीज म्हणजे पुष्कळदा वयाची खूण असते. जसे केस पिकतात तशी. 1994 साली अमेरिकेत एक परीक्षा झाली. ज्यांना पाठीचे काहीही दुखणे नव्हते अशा 98 लोकांच्या कंबरेचे एम.आर.आय. यंत्राने चित्र घेतले. त्यांपैकी सर्व गाद्या निर्दोष अशी माणसे शेकडा 36 च निघाली; बाकीच्यांच्या निदान एका तरी गादीत फुगवटा वा अन्य काही वैगुण्य होते, आणि तरीही ती माणसे सुखाने हिंडत फिरत होती! तेव्हा चित्रात दिसलेला दोष हेच दुखण्याचे कारण, असे धरून चालणे धोक्याचे आहे. चित्र रोग्याशी ताडून पाहावयाचे असते. रोगी चित्राशी नव्हे.

तथापि कित्येकदा गादीची कड फाटून आतला गर बाहेर येतो व पायाकडे जाणाऱ्या नाडीच्या मुळाशी दाटतो. मग कुल्ल्यापासून मांडी, पोटरी व पाऊल येथपर्यंत कळ धावते. ह्यासच इंग्रजीत सायटिका म्हणतात. आपल्या चरकसंहितेत वातव्याधींमध्ये गृध्रसी नावाचा विकार वर्णिला आहे. वेदना कुल्ल्यापासून आरंभून क्रमाने पायापर्यंत उतरते, हे त्यातील लक्षण आजच्या वर्णनाशी चांगलेच जुळते. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल त्या पक्ष्यासारखी होते म्हणून हे नाव, असा अर्थ सांगतात. ह्यावर स्नेहन, स्वेदन व बस्ती हे उपचार आपल्याकडे परंपरेने चालत आले आहेत.

पाश्चात्य वैद्यकात ह्या दुखण्याचा गादीशी असलेला संबंध ठळकपणे पुढे आला तो 1934 साली. बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार ह्या दोन शस्त्रवैद्यांनी बाहेर आलेला गर काढून टाकून रोगी बरे झाल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेथून पुढे पाठीच्या शस्त्रक्रियांचे युग सुरू झाले. त्या शोधाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. परंतु आपला मूळ प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे: शस्त्र चालविले नसते तर काय झाले असते?

ह्याचे उत्तर एका रोग्याच्या अनुभवावरून मिळत नाही, कारण एकाच माणसाला एकाच वेळी शस्त्रक्रिया करता येत नाही आणि न करताही ठेवता येत नाही. म्हणून सारख्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडावे लागतात. हॉलंडात असा प्रयोग झाला व 2007 साली त्याचा वृत्तांत छापला गेला. सहा ते बारा आठवडे तीव्र गृध्रसीने त्रासलेले 283 रोगी घेतले; एका गटास लवकर शस्त्रक्रिया, व दुसऱ्यास धीर धरून औषधोपचार, अशी विभागणी केली. शस्त्रक्रियेच्या गटाची पायाची कळ लवकर थांबली, ही गोष्ट निःसंशय. परंतु वर्षाअखेर पाहता दोन्ही गटांत शेकडा 95 माणसे बरी झाली होती! थांबलेल्या गटातील शेकडा 39 जणांनी मध्यंतरी दुखणे सहन न होऊन शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीच्या 61 जणांना तिची गरजच पडली नाही. असे का होते? बाहेर आलेला गर शरीरातील पेशी पुष्कळदा हळूहळू गिळून टाकतात, आणि नाडीची सूज उतरते. निसर्ग हाही एक शस्त्रवैद्यच आहे. मात्र तो सावकाश काम करतो आणि बिल पाठवीत नाही.

आता आमची हकीकत. 2016 च्या मे महिन्यात पाण्याचा पिंप जिन्यावरून वर नेताना कंबरेत कट्कन आवाज झाला, व तिसऱ्या दिवसापासून डाव्या पायात विजेसारखी कळ जाऊ लागली. एका मोठ्या शहरातील रुग्णालयात गेलो. तेथे चित्र पाहून, आमच्या पायास हातही न लावता, आठ दिवसांत शस्त्रक्रिया करा, नाही तर पाय लुळा पडेल, असे सांगण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून गावाकडचा जमिनीचा तुकडा विकण्याची बोलणी घरात सुरू झाली. मुलगा म्हणाला, “बाबा, पैशाचा विचार करू नका.” पण त्याच्या चेहऱ्यावर पैशाचाच विचार दिसत होता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

शेवटी गावातल्याच एका वयोवृद्ध डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्राचे पाकीट बाजूस ठेवले. आम्हांस टाचांवर चालविले, चवड्यांवर चालविले. निजवून एकेक पाय उचलून पाहिला. गुडघ्यावर व घोट्यावर हातोडी मारली. लघवीस अडथळा होतो काय, बसावयाच्या जागी बधिरपणा आहे काय, हे विचारले. मग म्हणाले, “गुरुजी, कळ फार आहे, पण पायातली शक्ती शाबूत आहे. सहा आठवडे थांबू. शक्ती कमी होते आहे असे वाटले तर मध्यरात्रीही या.” आम्ही विचारले, “मग तोवर पडून राहू?” ते म्हणाले, “मुळीच नाही. चाला.”

ह्या उत्तराने आम्ही चकित झालो. कारण पाठ दुखली की फळीवर तीन-तीन आठवडे निजून राहावे, हेच आम्ही जन्मभर ऐकत आलो होतो. परंतु ह्याचीही परीक्षा झाली आहे. 1995 साली फिनलंडमधील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हेलसिंकी नगरपालिकेच्या पाठ दुखणाऱ्या 186 नोकरांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर राहण्यास सांगितले, काहींना विशिष्ट व्यायाम दिले, आणि काहींना एवढेच सांगितले की, झेपेल तेवढी नेहमीची कामे करीत राहा. सर्वांत लवकर बरे झाले ते नेहमीची कामे करणारे. सर्वांत मागे राहिले ते निजून राहिलेले.

आम्ही चाललो. पहिल्या दिवशी अंगणातल्या अंगणात, पंधराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत. अकराव्या आठवड्यात कळ गेली. जमिनीचा तुकडा अजून आमच्याच नावावर आहे. तथापि चालण्यानेच आम्ही बरे झालो, असे जर छातीठोकपणे म्हणू लागलो, तर आम्हांत आणि पायाळूच्या लाथेस श्रेय देणाऱ्या आजीत अंतर ते काय राहिले? एकट्याच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही. शेकडो माणसांवरील वरच्या प्रयोगांशी तो जुळतो, एवढेच त्याचे मोल.

परंतु ह्या हकीकतीचा खरा भाग पुढेच आहे. तिसऱ्या भेटीच्या वेळी डॉक्टर आमच्या मंडळींकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुमची कंबर कशी आहे?” त्या म्हणाल्या, “माझं काय, बरी आहे की.” आणि गुडघ्यावर हात टेकून, भिंतीचा आधार घेत उठल्या. डॉक्टरांनी आमच्याकडे नुसते पाहिले. मग चौकशीत कळले की, त्यांची कंबर तीन वर्षांपासून दुखत होती. आम्ही दिवसातून तीन वेळा औषधासारखे चालत होतो तेव्हा आमच्या वाट्याच्या घागरी त्याच आणीत होत्या. आमच्या दुखण्यासाठी घरात सभा भरली, जमीन विकावयास काढली. त्यांच्या दुखण्याचा उच्चारही झाला नव्हता. छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना विचार करावयास शिकविणाऱ्या माणसास आपल्या घरातली ही गोष्ट दिसू नये, ह्याची लाज आम्हांस आजही वाटते.

आता काय करावे, ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रविरहित उपचारांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत रोग्यास दुखण्याची नीट समज देणे, नियमित व्यायाम, मर्दन व कुशल हातांनी मणक्यांवर करावयाचे उपचार, मनाची भीती घालविणारे मानसोपचार, आणि गरजेपुरती दाहशामक औषधे ह्यांस स्थान आहे. उलट कंबरेचे पट्टे, वजने लावून ताणणे व अफूवर्गातील वेदनाशामके ही नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असे सांगितले आहे.

उसण भरली असता एक-दोन दिवस विसावा घेण्यास हरकत नाही. पण उठून फिरणे सुरू ठेवावे. गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर तापविलेल्या निर्गुडीच्या पाल्याने बेताचा शेक घ्यावा, तेल चोळावे. उबेने स्नायू सैल पडतात. तापलेल्या लोखंडाचे डाग मात्र अडाणी माणसाकडून कदापि घेऊ नयेत. बिछान्यातून उठताना ताडकन न उठता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे व हातावर भार देऊन बसावे. वजन उचलावयाचे झाल्यास ते अंगाजवळ घ्यावे, गुडघ्यात वाकावे, कंबरेत पीळ देऊ नये. आणि एक भरली घागर उचलण्यापेक्षा दोन अर्ध्या भरून दोन हातांत न्याव्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधे दुकानातून परस्पर आणून महिनोगणती खाऊ नयेत; त्यांनी जठरास व्रण पडतो, मूत्रपिंडास अपाय होतो व रक्तदाब वाढतो.

कळ उतरल्यावर खरा उपाय सुरू होतो. तो नित्याचा व्यायाम. ह्या बाबतीत महाराष्ट्राचे भाग्य थोर आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय परीक्षा सुरू केली, पुण्यात बी. के. एस. अय्यंगार 1937 साली आले, आणि दोर, पट्टे, ठोकळे ह्यांच्या आधाराने ताठरलेल्या माणसासही आसने करता यावीत अशी पद्धत त्यांनी घडविली. अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख महाविद्यालयाने 2017 साली जुनाट कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला आहे. मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन ही सौम्य आसने जाणत्या माणसापुढे शिकून घ्यावी. पायात कळ असताना पश्चिमोत्तानासन, हलासन अशी जोराने पुढे वाकविणारी आसने करू नयेत. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांनी तर मुळीच नयेत. आणि ज्यांस आसने जमत नाहीत त्यांनी रोज अर्धा तास चालावे. त्यास गुरू लागत नाही, शुल्क लागत नाही.

आमच्या गावात परीक्षेच्या अभ्यासासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येतात व दिवसाचे दहा-बारा तास बसून काढतात. पूर्वी शाळेत प्रत्येक तासास गुरुजी आले की सारा वर्ग उठून उभा राही. आम्ही त्यास शिस्त समजत होतो. ते पाठीचे औषधही होते असे आता वाटते. पालकांनी मुलांस अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे फिरण्याची सवय लावावी.

परंतु धीर धरणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. लघवी तुंबली किंवा तिच्यावर व शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधील भाग बधिर झाला, पायातील शक्ती उत्तरोत्तर कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी शस्त्रवैद्य गाठावा. तेथे विलंब केल्यास जन्माचे पंगुत्व येऊ शकते. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री निजल्यावरही दुखणे थांबत नसेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा वृद्ध माणूस पडून पाठ धरली असेल, तर ताबडतोब तपासून घ्यावे. आपल्या देशात मणक्यांचा क्षय विरळा नाही. तो वेळीच ओळखला तर बहुधा औषधांनीच बरा होतो. आणि बारा आठवडे सर्व करूनही पायाची कळ जगू देत नसेल, व चित्र आणि परीक्षा दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील, तर शस्त्रक्रियेस भिऊ नये. शस्त्र हे शत्रू नव्हे. ते योग्य वेळी काढावयाचे शस्त्र आहे, एवढेच.

आमच्या घरी आता संध्याकाळी दिवा लागण्यापूर्वी दोघेही बरोबर फिरावयास जातो. स्वयंपाक अर्धा तास उशिरा होतो, आणि जड भांडी आम्ही उचलतो. मंडळींची कंबर पूर्णपणे बरी झालेली नाही. पण उठताना त्या भिंतीस हात लावीत नाहीत. वाचकांस आमची विनंती एवढीच की, हा अंक खाली ठेवल्यावर घरातील जी व्यक्ती कधीच तक्रार करीत नाही, तिला एकदा विचारावे, “तुमची कंबर कशी आहे?” आणि “बरी आहे” असे उत्तर आले, तर ती उठते कशी तेही पाहावे.